रिकामा राहिलेला रकाना

गुढियारी, रायपूर
शुक्रवार, ९ डिसेंबर २००५

प्रिय रमा,

'प्रिय' हा शब्द सवयीनं लिहिला गेला. खोडला असता तर कागद खराब दिसला असता, म्हणून राहू दिला. मी काही पत्र लिहिणारी बाई नाही, हे तुला ठाऊक आहे. तेरा वर्षं आपण लॅबमध्ये एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, तेव्हा बोलायला कागद लागत नव्हता.

आधी माझं सांगते. मी अजून गुढियारीतच आहे, मालधक्क्यामागच्या त्याच घरात. सुशीलची रेल्वेतली नोकरी चालू आहे. अनुश्री कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची तिची खोड काही गेलेली नाही. मी पाचला उठते आणि सहाला स्कूटी काढते. मागे बर्फाचा डबा बांधलेला, पायाशी सुयांची पिशवी. शंकरनगर, मग तेलीबांधा, मग त्यापुढच्या नव्या कॉलन्या, जिथं आपण कामाला लागलो तेव्हा धानाची शेतं होती. राजधानी झाल्यावर भोपाळहून आलेली साहेब मंडळी तिथं राहतात. त्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना साखर असते, दमा असतो, आणि उपाशीपोटी लॅबच्या रांगेत बसायची त्यांना सवय नसते. मी त्यांच्या घरी जाऊन रक्त काढते आणि साडेआठच्या आत लॅबमध्ये पोचवते. दारावरच्या पाट्या बदलतात, बदल्या होतात, पण नवा माणूस आला की जुना त्याला माझा नंबर देऊन जातो.

हे वाचून तुला वाटेल, चांगलं चाललंय की हिचं. तू तसं एकदा म्हणालीही होतीस. त्याकडे मी नंतर येईन.

तू पहिल्यांदा नर्सिंग होममध्ये आलीस तो दिवस मला आठवतो. अठ्ठ्याऐंशी साल, तुझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. मला तिथं चार वर्षं झाली होती. डॉक्टरसाहेबांनी तुला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, हिला शिकवा. तुझ्या हातात प्रमाणपत्र होतं, पण माणसाच्या दंडाला पट्टा बांधताना तुझे डोळे मिटायचे. आठवडाभर तू माझ्याच हातातून रक्त काढायला शिकलीस. दोन्ही कोपरांवर निळे डाग पडले होते. सुशील म्हणाला होता, "ही पोट्टी शिकेपर्यंत तू राहशील का?" आपण दोघी त्यावर किती हसलो होतो. नंतर तुझा हात असा बसला की लहान मुलांचं रक्त काढायला मीच तुला वर पाठवायची. दुपारी तू मला शमू म्हणत डबा उघडायचीस, माझ्या डब्यातले सांडगे तू आणि तुझ्या डब्यातली भरली मिरची मी, हे ठरलेलं होतं. अनुश्रीला गोवर निघाला तेव्हा तू माझ्या दोन्ही पाळ्या केल्यास. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

दोन हजार एकच्या जुलैतली ती दुपार. तू वरच्या वॉर्डातून दोन बायांचं रक्त काढून आणलंस. दोघीही बाळंतपणाच्या, दोघींच्याही खाटा शेजारी. रक्तगट काढलास, रजिस्टरमध्ये लिहिलास. आपल्या रजिस्टरला दोन रकाने होते, पहिला तपासणाऱ्याचा आणि दुसरा पडताळणाऱ्याचा. पडताळणारीनं शिशीवरचं नाव आणि खाटेचा नंबर वॉर्डच्या चिठ्ठीशी जुळवून पाहायचा आणि मगच सही करायची. माझ्या हातात चहाचा कप होता. तू म्हणालीस, "पाहिलं मी, कर सही." मी केली. तेरा वर्षांत तुझं काम मला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नव्हतं. माझी चूक ही अशी आहे, रमा, आणि ती मी कधीच लहान करून सांगितलेली नाही. तू तुझ्या रकान्यात सही करणार तेवढ्यात खालून हाक आली, आणि तू उठून गेलीस.

शिश्यांवरच्या चिठ्ठ्या एकीच्या दुसरीला लागल्या होत्या. त्यातली एक बाई घरी गेली, तिला रक्त लागलंच नाही. दुसरी फुलेश्वरी, अभनपूरजवळच्या गावची, पहिलटकरीण. तिला रात्री भलतंच रक्त चढलं. थंडी वाजून ती खाटेसकट हलत होती, असं नर्सनं सांगितलं. सकाळपर्यंत लघवी बंद झाली आणि तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं.

अकरा वाजता डॉक्टरसाहेबांनी आपल्याला केबिनमध्ये बोलावलं. सरकारी नोकरांच्या उपचारासाठी खाजगी दवाखान्यांची यादी तेव्हा बनत होती, आपल्या नर्सिंग होमचा अर्ज गेलेला होता. संध्याकाळच्या आत कोणीतरी दाराबाहेर गेलेलं त्यांना दाखवायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. रजिस्टर टेबलावर उघडं होतं. पहिला रकाना रिकामा आणि दुसऱ्यात माझी सही. त्यांनी विचारलं, "टेस्ट किसने किया?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू बोलशील म्हणून पाहिलं. तू म्हणालीस, "शर्मिष्ठा दीदी ने."

तेरा वर्षांत तू मला कधी दीदी म्हटलं नव्हतंस. परक्या भाषेत परकं नाव घेऊन तू मला हातभर लांब केलंस आणि मग टेबलाच्या काचेकडे पाहत राहिलीस. मी तेव्हा काहून बोलले नाही, हे लोकांनी मला नंतर शंभरदा विचारलं. मी थांबले होते, रमा. मला वाटलं, घाबरून बोलून गेली, आता वाक्य मागे घेईल. मी थांबले होते तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर मिटलं. सतरा वर्षांच्या नोकरीचा निकाल लागायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. पांढरा कोट खुंटीवर टांगून मी बूढातालाबच्या काठानं चालत निघाले. तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती, दुपारच्या पाळीला कोण बसेल.

तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. ते तुला माहीत आहे की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. अच्युतभाऊजींनी दार उघडलं, पण पुरतं नाही. म्हणाले, रमाचं डोकं दुखतं आहे, झोपली आहे. त्याच वेळी आत कुकरची शिट्टी झाली, आणि कोणीतरी गॅस बंद केला. तुमच्या घरात तिसरं माणूस नव्हतं. भाऊजींनी मान खाली घातली. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले, तू खिडकीतून तरी हाक मारशील म्हणून. अर्ध्या तासानं शेजारच्या बाईनं पाणी हवं का विचारलं, तेव्हा उठले.

भाऊजींची मिल बंद पडली होती, हे मला ठाऊक होतं. तुझ्या घरी कमावणारी तू एकटी होतीस आणि माझ्या घरी रेल्वेचा पगार होता. तू मनात एवढाच विचार केला असशील की शमूचं निभेल. एकदा विचारायचं होतंस. जिन्यात गाठून, बाथरूममध्ये ओढून नेऊन विचारायचं होतंस. मी अर्धी चूक घेतली असती, कारण अर्धी माझी होतीच. तू पुरी माझ्या नावावर टाकलीस आणि मला विचारलंही नाहीस.

पुढचे सहा महिने मी काय केलं ते सांगते. शहरातल्या सात लॅबमध्ये गेले. रायपूर राजधानी झालं तरी आपल्या धंद्यापुरतं ते एका गल्लीएवढंच आहे. माझ्या आधी माझी गोष्ट पोचलेली असायची. एका ठिकाणी तर बसायलाही सांगितलं नाही. सुशील म्हणायचा, "राह्य नं घरी काही दिवस, कोणाले दाखवाचं आहे?" तो चांगल्या मनानं म्हणायचा आणि मला त्याचा राग यायचा. दुपारी भांडी घासून झाली की मी डोळे मिटून डाव्या हाताची नस उजव्या बोटानं चाचपडत बसायची. अनुश्रीनं एकदा पाहिलं आणि घाबरून माझा हात धरला. तिला काय वाटलं असेल ते मला रात्री कळलं, आणि मी दुसऱ्या दिवशी उठून पहिलं काम केलं ते अभनपूरच्या बसमध्ये बसण्याचं.

सुशीलनं अडवलं. "काहून जाऊन राहिली तिथं? लोकं धरून मारतीन." मी म्हटलं, मारू दे. घरी बसून जे चाललंय त्यापेक्षा ते बरं.

फुलेश्वरी अंगणात धान पाखडत होती. वीस दिवस मोठ्या दवाखान्यात काढून ती वाचली होती, मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली होती, पण पायावरची सूज पूर्ण गेली नव्हती. मुलगी पाळण्यात होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. मी न पाहता सही केली, त्यामुळे तुला हे भोगावं लागलं, असं तिला म्हटलं. तुझं नाव मी घेतलं नाही, रमा. तुला वाचवायला नाही. तिथं जाऊन दुसऱ्याचं नाव घेतलं असतं तर तुझ्यात आणि माझ्यात फरक राहिला नसता. तिचा सासरा उठून अंगावर आला, हातात काठी नव्हती एवढंच. फुलेश्वरीनं त्याला हातानं थांबवलं. मला म्हणाली, "तैं त आए हस दीदी, अउ कोनो नइ आइन." तू तरी आलीस, बाकी कोणीच आलं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितलं नाही. निघताना तिनं प्यायला पाणी दिलं. बसमध्ये मी रडले, आणि घरी आल्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्यानंतर महिनाभरानं आमच्या गल्लीतल्या यशवंतरावांची सून आली. यशवंतराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. दर पंधरा दिवसांनी त्यांना रिक्षात घालून लॅबमध्ये न्यायचं, म्हणजे चार माणसांचं काम. ती म्हणाली, तुम्हीच घरी काढून द्या नं. मी नाही म्हणणार होते. पण पाय निघाले. त्यांच्या खाटेशी बसले, पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. म्हाताऱ्यानं पाहिलं. लुळा हात दुसऱ्या हातानं उचलून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "याच्यातून काढ पोरी. याले काही समजत नाही. चुकलं तरी चालते."

मी त्यांना म्हटलं, "चुकलं तरी चालेल असा हात मला नको, काका." आणि त्यांचा चांगला हात मांडीवर घेतला. रक्त एका टोचण्यात आलं. शिशीवर नाव लिहिलं, त्यांना त्यांचं नाव विचारलं, पुन्हा वाचलं, पुन्हा विचारलं. म्हातारा वैतागला, म्हणाला, गेल्या पाच मिनिटांत माझं नाव बदललं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक घरी हेच करते. लोकांना मी थोडी चक्रम वाटते. वाटू दे.

ती शिशी घेऊन मी तेलीबांध्याला गेले, कारण तिथली लॅब नवी होती आणि डॉक्टर पद्मिनी जबलपूरहून आलेल्या. त्यांना माझी गोष्ट पोचलेली नसेल अशी आशा होती. पोचलेली नव्हती. नमुना ठेवून निघून आले असते तर चाललं असतं. पण दारापर्यंत जाऊन मी परत फिरले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. विचारलं, "साइन बिना देखे किया था?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "कल से सुबह साढ़े आठ तक सैंपल दे दिया करिए. एक भी लेबल अधूरा आया तो दूसरा मौका नहीं दूँगी." मला कोणी गोड बोलून घेतलं असतं तर मी टिकले नसते. त्यांच्या त्या कोरड्या वाक्यावर मी उभी राहिले.

त्रेचाळिसाव्या वर्षी स्कूटी शिकले. रेल्वेच्या मैदानावर अनुश्री मागे धावायची, "मम्मी, ब्रेक" म्हणायची आणि मी हॉर्न दाबायची. दोनदा पडले. गुडघ्याची खूण अजून आहे. पहिलं वर्ष असं गेलं की पाऊस असो नाहीतर मे महिन्याचं ऊन, एकही घर सोडलं नाही, कारण एक सोडलं असतं तर दुसरं सोडायला निमित्त मिळालं असतं. याला कोणी हिंमत म्हणतं. मला तरी त्यात रागच जास्त दिसतो. रोज सहाला किल्ली फिरवताना मला तुझं ते वाक्य ऐकू यायचं, आणि गाडी निघायची.

आता तू म्हणालीस त्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण समोरासमोर आलो. तुला टाळता आलं नाही. तू माझ्या कपाळाला कुंकू लावलंस आणि म्हणालीस, "बरं झालं बाई तुझं, स्वतःचं काम झालं. आम्ही आपले अजून तिथंच." बाजूच्या बायका हसल्या. त्यांना काय माहीत. मला वाटलं होतं, कधीतरी तू समोर आलीस तर तुझ्या डोळ्यांत काहीतरी दिसेल. तू माझं बाहेर फेकलं जाणं माझ्याच फायद्याचं करून टाकलंस. तू वाणात दिलेला ऊस घेतला आणि बाहेर येऊन गायीला घातला. नोकरी गेली त्या दिवसापेक्षा मला तो दिवस जास्त लागला.

हे सगळं आज कशाला लिहिते आहे ते सांगते. परवा अच्युतभाऊजी आले होते. दारात उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. त्यांच्याकडून कळलं, ऑगस्टमध्ये तुझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं आणि पाचवी केमो व्हायची आहे. हेही कळलं की औषधानं तुझ्या नसा गेल्या आहेत, दर वेळी रक्त काढायला तीन-चार ठिकाणी टोचतात, आणि मागच्या खेपेला तू सुई पाहूनच ओरडलीस आणि पुढची केमो नको म्हणालीस. तूच त्यांना पाठवलंस का, हे मी विचारलं. ते म्हणाले, नाही, ती तुमचं नाव घेत नाही. मग म्हणाले, झोपेत घेते. कळवते म्हटलं, आणि मी दार लावून घेतलं. दोन दिवस डोक्यात हेच चाललं. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की हे सगळं मनात घेऊन मला तुझा हात धरायचा नाही. सुई हातात असताना मला राग चालत नाही. तो सगळा इथं ठेवला आहे, तू वाच, फाड, काय करायचं ते कर. मी सोमवारी सकाळी साडेसहाला येते. या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही, तेव्हा चहा घे, आणि उठल्यापासून दोन पेले पाणी पी, म्हणजे नस वर येते. हात शालीत गुंडाळून ऊबदार ठेव. ऑपरेशन झालेल्या बाजूला मी हात लावणार नाही, उजव्यातूनच काढीन. मी तिथं असताना त्या दिवसाबद्दल एक शब्द काढू नकोस, रडू नकोस, माझा हात हलेल. मी तुला माफ केलेलं नाही, रमा, आणि कधी करीन की नाही हे मला माहीत नाही. पण तुझी नस मला पहिल्या टोचण्यात सापडेल, तेवढं मला माहीत आहे.

तुझी, सोमवारपुरती का होईना,
शर्मिष्ठा